दोन पडद्यांमधली हातभर जागा

१

मला एक सांगा, विश्वास कोणावर ठेवायचा? पाच माणसांनी एकच प्रसंग पाहिला आणि पाचांचं बोलणं अक्षराक्षराला जुळलं, तर त्यांच्यावर? बाजारात बसणाऱ्याला विचाराल तर तो हसेल. पाच गिऱ्हाइकं एका तोंडाने एकच भाव सांगायला लागली की दुकानदार ओळखतो, ही मंडळी येताना वाटेत कुठेतरी थांबून आलेली आहेत. खऱ्या माणसांचं थोडं चुकतं. एकाचं घड्याळ पुढे असतं, एकाचं मागे.

सर्वेशला हे माहीत होतं, कारण मागेपुढे असणं हाच त्याचा धंदा. मिठबाव तिठ्यावर साऊंड आणि एलईडी पडदे भाड्याने द्यायचं त्याचं दुकान. शाळा बेताचीच, बाकीचं सगळं मोबाईलवर बघून आणि शिव्या खाऊन शिकलेला. पहिल्या वर्षी जत्रेच्या दशावताराला त्याने मैदानाच्या टोकाला एक जादा भोंगा लावला, तर मागे बसलेल्यांना राजाचं प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येऊ लागलं. एक आजी वळून म्हणाली, "राजाक उचकी लागली काय रे?" त्या दिवशी तो शिकला की आवाज चालत येतो, आणि मागचा भोंगा मुद्दाम उशिरा वाजवावा लागतो. पुढे एका लग्नात त्याने दोन बाजूंना दोन पडदे उभे केले. एका पडद्यावर नवरीने हार घातला, दुसऱ्यावर ती अजून हात वर करत होती. नवऱ्याचा मामा त्या दुसऱ्या पडद्याकडे बोट दाखवून ओरडला, "अजून वेळ आसा, पळ रे!" सगळा मांडव हसला, सर्वेश हसला नाही. घरी येऊन तो पहाटेपर्यंत मोबाईल बघत बसला आणि पडदे जुळवायला शिकला.

म्हणून तेजस्वी त्याच्याकडे आली. मुंबईत राहणारी चित्रकार, आजोळ मिठबावचंच. तिला रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, दोरी दाखवायची होती. किनाऱ्यावर दोरीच्या लांबीने पाच कॅमेरे लावायचे, पाण्यापासून माडांपर्यंत. प्रत्येकाने आपल्यासमोरचा तुकडा टिपायचा. मग खाडीकाठच्या जुन्या सुक्या मासळीच्या गोडाऊनमध्ये पाच मोठे पडदे एका ओळीत उभे करायचे आणि दोन पडद्यांमध्ये हातभर जागा सोडायची. पाचही एकदम चालू झाले की दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग धावणार. माणूस एका पडद्यातून बाहेर पडणार, हातभर अंधारात नाहीसा होणार आणि पुढच्या पडद्यात निघणार.

"मधली जागा कशाला, मॅडम? चिकटवून देतो की पडदे."

"नको. ती जागा बघणाऱ्याने आपल्या मनाने भरायची."

सर्वेशला ते पटलं नाही. पण हौसेच्या गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवून कोणाचं दुकान चाललंय?

२

रापणीवर हुकूम चालायचा गणपतचा. गणपत म्हणजे सर्वेशचे बाबा. ते स्वतः दोरी धरत नसत. खांद्यावर मळकट पंचा टाकून पाण्यापासून माडांपर्यंत दोरीच्या कडेकडेने चालत, अंग कोण चोरतो ते बघत आणि ज्याच्या त्याच्या वाडवडिलांचा उद्धार करत. म्हणजे पाचही पडद्यांमधून सलग चालत जाणारा माणूस एकच, बाबा.

ओढ सुरू करताना ते लाल बावटा वर करून खाली पाडत. सर्वेशने तो लांब काठीला बांधायला लावला. पाच चित्रं नंतर जुळवायची तर सगळ्यांना दिसलेली एक खूण लागते. आवाज लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत उशिरा पोचतो, बावटा मात्र पाचांना एकाच क्षणी दिसतो.

पहिली ओढ छान झाली. जाळ्यात बांगडा आला, थोडी तारली आली. बाबांनी वाळूवर वाटे घातले. रापणीचा कायदा सगळ्या किनाऱ्यावर एकच आहे, दोरीला ज्याने हात लावला त्याला वाटा. फिरायला आलेल्या कोणा पाहुण्याने गंमत म्हणून दोन हिसके दिले तरी त्याच्या पुढ्यात चार मासे पडतात. तो पिशवी आणायला पळतो, लोक हसतात, पण वाटा पडतो.

मग तेजस्वी म्हणाली, "अजून एकदा ओढाल का? उजेड आता चांगला आलाय."

"बाय, ह्ये मासे आसत, नाटकातले राजे नाय," हरिश्चंद्र म्हणाला. बाबांच्या जोडीचा जुना रापणकार. "परत येवचे नाय."

"मासे नकोत काका, नुसतं ओढणं हवंय."

जाळं जवळच्या पाण्यात नावापुरतं सोडलं आणि सगळे पुन्हा दोरीला लागले. दोरी कधी नव्हे इतकी ताणली गेली. हरिश्चंद्राच्या मानेच्या शिरा फुगल्या. "गणपता, जड लागता रे!"

"तुका वय जड लागता! ओढ मेल्या!"

जाळं वर आलं. त्यात एक कुर्लीसुद्धा नव्हती.

"वाटे घाल मगे!" कोणीतरी ओरडलं. बाबांनी दोन्ही रिकामे तळवे पुढे केले. "घे, तुझो वाटो. सांबाळून ने, काटो लागात." सगळी वाळू हसली. दोरी गुंडाळली आणि मंडळी तेजस्वीने घातलेल्या वडे-सागोतीच्या जेवणाला गेली.

३

गोडाऊनच्या खिडक्यांना काळं कापड मारलं. बाहेर दुपारचं रणरणतं ऊन, आत पायाखालचं दिसत नाही. भिंतींना सुक्या मासळीचा वास इतका मुरलेला की कापडालासुद्धा तो लागला. प्रत्येक पडद्यामागे एक छोटा संगणक, पायथ्याशी एक स्पीकर. पहिला संगणक म्होरक्या. तो निघाला की बाकीच्या चौघांनी त्याच क्षणी निघायचं. सर्वेश पाचव्या पडद्याच्या पलीकडे, भिंतीजवळ लॅपटॉप घेऊन बसला. तेजस्वीने दुसरी ओढ निवडली होती, कारण दोरी तिच्यातच ताठ दिसत होती.

त्याने बावट्याची खूण धरली. पाच बावटे एकदम पडले, केसाचा फरक नाही. पण दोरी जुळेना. दुसऱ्या पडद्यात दोरीला हिसका बसे, तो पुढे तिसऱ्यात सरकायला हवा, तर तिसऱ्यातला हिसका आधीच बसून गेलेला. तिसऱ्या-चौथ्यामध्ये तेच. प्रत्येक हातभर जागेत दोरीची लय मोडत होती, मधे कोणी आपल्याच तालाने ओढत असल्यासारखी.

"दोरी तुटलेली दिसतेय, सर्वेश."

"बावटे बघा मॅडम. त्याहून बरोबर जुळत नाही जगात काही."

"बावटा क्षणभर दिसतो. लोक दोरी बघायला येणार."

बोलणं चुकीचं नव्हतं. सर्वेशने बावटा सोडला आणि दोरी हीच खूण धरली. एकेक पडदा बोटाने रेटावा तसा कणाकणाने मागेपुढे केला. एक पडदा खोटं बोलायला तयार झाला, मग त्याच्या शेजारचा झाला, आणि शेवटी पाचही पडदे एकच सांगू लागले. हिसका पहिल्या पडद्यात बसला की पाचव्यापर्यंत अखंड धावत जाई. ते इतकं जिवंत होतं की तेजस्वीने तोंडावर हात धरला.

पडद्यावरचे बाबा चालत आले. दुसऱ्या पडद्यातून शिवी देत बाहेर पडले, तिसऱ्यात शिवीचा शेवट घेऊन निघाले. त्यांच्या खांद्यावरचा पंचा नव्हता.

पडला असेल, सर्वेशला वाटलं. त्याने तिसरा पडदा एकटा चालवून बघितला. पंचा खांद्यावर होता. पाचही एकत्र चालवले. नव्हता.

तो उठून वायरी बघून आला. पडदा तापला की रंग मरतात, हे त्याने पाहिलेलं होतं. पंचा मळकट, वाळूही मळकट, गेला असेल एकमेकांत मिसळून. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की उधार-उसनवार करूनही कारणं आणतो.

पुन्हा चालू केलं. या खेपेला बाबा दोन पडद्यांमधल्या अंधारात शिरले आणि आवाज आला. पहारेवर नारळ हाणला की सोडणाचे धागे फाटतात ना, तसा. स्पीकर दुसऱ्या पडद्याखाली होता, तिसऱ्याखाली होता. आवाज मधून आला. बाबा तिसऱ्या पडद्यात निघाले ते कान दाबून. बोटांमधून रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि तोंड मात्र तसंच चालू होतं, त्याच शिव्या, तेच हातवारे, मार बसल्याचं त्यांना कोणी सांगितलंच नसावं तसे.

"हे शूटिंगच्या वेळी झालं होतं?" तेजस्वीने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"नाही."

"मग बंद करा ते. बंद करा."

४

घरी खळ्यात, पुढच्या अंगणात, बाबा खुर्चीवर बसले होते आणि सर्वेशची बायको भक्ती त्यांच्या कानाला कापूस लावत होती. पाळी मुळापासून फाटली होती.

"काय झाला?"

"माडाचो झाप पडलो," बाबा म्हणाले.

"बाबांनू, आपल्या खळ्यात माड खंय आसा?" भक्तीने विचारलं.

"मगे शेजाऱ्याचो असात. तुमी दोघांव पोलिसात भरती होवा."

सर्वेश हसला. हसता हसता त्याने वर बघितलं. खळ्यावर नुसतं आभाळ होतं. बाबांचा पंचा दिवसभर कोणाला सापडला नव्हता.

तो विचार करत राहिला. दोन गोष्टी एका दिवशी घडल्या म्हणून त्यांची सोयरीक जुळत नाही. त्याच्या दुकानाची काच फुटली त्याच दिवशी शेजारच्या समर्थची गाय व्याली होती, म्हणून काय काचेने वासरू दिलं? हे सगळं त्याने स्वतःला नीट समजावलं. आणि समजावून झाल्यावर ठरवलं की एकदा खात्री करून घेऊ. शहाणा माणूस इथेच चुकतो. वजनकाटा बरोबर आहे की नाही हे बघायला तो पारड्यात काय ठेवतोय, याचा विचार करत नाही.

५

सकाळी गोडाऊनमध्ये तो एकटाच होता. त्याने भक्तीला फोन लावला.

"बाबा काय करतत?"

"पेज जेवतत. आणखी वाढ म्हणतत, लोणच्यासकट."

"त्यांच्याजवळ कोण आसा?"

"मी आसंय. कित्या ओ?"

"काय नाय. फोन ठेवू नको, माका एक आवाज बघूचो आसा."

त्याने पडदे चालू केले. फोन कानाला. पहिल्या पडद्यात बाबा पाण्यातून वर आले. पहिल्या आणि दुसऱ्यामधली जागा सुखरूप ओलांडली. फोनवर वाटीत चमचा वाजत होता. भक्ती म्हणाली, "बाबा, हळू जेवा, ठसको लागात."

बाबा दुसऱ्या पडद्याच्या कडेला पोचले. अंधारात शिरले.

आवाज दोन्हीकडून आला. समोरच्या फटीतून आणि कानातल्या फोनमधून, एकाच क्षणी, केसाचा फरक नाही. आयुष्यात त्याने जुळवलेलं काहीच इतकं बरोबर जुळलं नव्हतं. फोनमध्ये पेजेचं भांडं फरशीवर आपटलं आणि भक्ती किंचाळली. तिसऱ्या पडद्यात बाबा निघाले. डावा हात जिथे सांधा नसतो तिथे वाकून लोंबत होता, आणि पांढरं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं.

"हात मोडलो! अवो, तेंचो हात... हय कोणच नाय! कोणच नाय हय!"

बाबा चौथ्या पडद्याकडे चालत निघाले होते. सर्वेशने वायर उपटली. पाचही पडदे काळे झाले. फोनमध्ये बाबा गुरासारखे ओरडत होते.

६

तेजस्वी भली बाई. तिने एका शब्दाने वाद घातला नाही. पाहुण्यांना फोन करून प्रदर्शन रद्द केलं आणि गोडाऊनला स्वतः कुलूप घातलं. वायरी गुंडाळलेल्या, पडदे मेलेले. सर्वेशला वाटलं, सुटलो.

दवाखान्यात बाबांच्या हाताला प्लॅस्टर घातलं. ते अजून ओलं होतं, बाबा खाटेवर उताणे पडले होते, सर्वेश पायथ्याशी उभा होता, उघड्या खिडकीतून ऊन येत होतं. बाबांची छाती डाव्या बाजूने आत गेली. हळूहळू, कोणी गुडघा रोवून वजन टाकावं तशी. बरगडीचा आवाज झाला, सुकं लाकूड मोडल्यासारखा. मग दुसरी. बाबांच्या तोंडातून फेस आला, त्यात रक्ताची तार होती. सर्वेश त्यांच्या अंगावर पडला, हवेतच हात मारू लागला. हाताला काही लागलं नाही. हिसका एकदा बसला, थांबला, पुन्हा बसला. तो ताल सर्वेशला पाठ होता.

डॉक्टर आले. त्यांनी बाबांकडे बघितलं, मग सर्वेशकडे बघितलं आणि विचारलं, "यांना कोण मारतंय?"

संध्याकाळी बाबांना बोलता येऊ लागलं. "काय जुळवलंस तू? खरा सांग."

सर्वेशने सगळं सांगितलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते.

"ती दुसरी खेप काय रे? रिकामी?"

"होय."

"हरिश्चंद्र म्हणालो, जड लागता. मिया तेची मस्करी केली." बराच वेळ ते श्वास गोळा करत राहिले. "रिकामी रापण इतकी जड लागता काय रे? कोणीतरी ओढी होतो आमच्यावांगडा, आमच्याच दोरीर. आणि मिया सगळ्यांका रिकामे हात दाखवले."

"बाबा, आता काय करूचा?"

"वाटो दोरी वाळूर आसा तवसर देवचो. गुंडाळल्यार गेलो." त्यांनी डोळे उघडले. "आमची दोरी गुंडाळली. तुझ्या पडद्यार ती अजून वाळूर आसा. माका थंय व्हर."

७

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना गोडाऊनमध्ये आणलं. प्लास्टिकच्या खुर्चीत, छातीला उशी बांधून, पडद्यांच्या समोर. हरिश्चंद्र त्या सकाळच्या रापणीचा टोपलीभर बांगडा घेऊन आला होता, सोबत केळीची पानं. तेजस्वी दाराशी उभी. तिला सर्वेशने जा म्हणून सांगितलं, ती गेली नाही.

"चालू कर," बाबा म्हणाले.

सर्वेश लॅपटॉपजवळ जाऊन बसला. बोट उचलेना. बाबा ओरडले, "चालू कर मेल्या, काय मुहूर्त बघतंस?"

बावटा पडला. दोरी ताठ झाली आणि गोडाऊनभर धावली.

बाबा पडद्यावरच्या स्वतःकडे बघतच नव्हते. ते पडद्यांच्या कडा बघत होते. चाळीस वर्षं दोरीवर कोण हात ठेवतो आणि कोण नुसता ठेवल्याचं सोंग करतो, हे बघण्यात गेलेली नजर ती.

"दिसलो," ते म्हणाले.

मग सर्वेशलाही दिसलं. दुसऱ्या पडद्याच्या अगदी कडेला दोन मुठी दोरीवर आवळलेल्या होत्या. मनगटं होती, आणि मनगटांपुढे पडदा संपत होता. त्या हातांचं शरीर तिसऱ्या पडद्यात निघायला हवं होतं. तिसऱ्यात दोरी उघडी होती. मुठी चिंब ओल्या, पाण्यात फार दिवस राहिल्यासारख्या फुगलेल्या, आणि दोरी इतक्या जोराने ओढत होत्या की चामडी सरकून बोटांच्या पेरांवर गोळा झाली होती.

पडद्यावरचे बाबा त्या फटीकडे चालत येत होते.

"हरिश्चंद्रा, थंय घाल! त्या फटीत! बेगीन!"

हरिश्चंद्र धावला. पान टाकलं, पानावर बांगड्यांचा वाटा घातला आणि मागे सरला. पडद्यावरचे बाबा अंधारात शिरले. आवाज झाला नाही. ते तिसऱ्या पडद्यात निघाले ते शिव्या देत, धडधाकट, खांद्यावर पंचा.

भक्तीला हे सांगायला हवं, एवढंच सर्वेशच्या मनात आलं. त्याला हुंदका फुटला.

"रडतंस काय, अजून रापण सुटाक नाय! पुढचो! तिसऱ्या-चौथ्यात आसा बघ. आणि चौथ्या-पाचव्यात. पयल्याकय घाल, तो निमूट असलो म्हणान काय झाला?"

हरिश्चंद्र धापा टाकत वाटे घालत गेला. हातभर जागा, एक वाटा. हातभर जागा, एक वाटा. प्रत्येक वाट्याबरोबर गोडाऊन थोडं हलकं होत गेलं. बाबांचा श्वाससुद्धा मोकळा झाला, छातीतली घरघर थांबली. पडद्यावरचे बाबा पाचव्या पडद्यात पोचले, पंचा खांद्यावर, कान जागच्या जागी. खुर्चीतल्या बाबांनी हरिश्चंद्राकडे बघून डोळा मारला. "काय रे, आता जड लागता काय?"

"तुझी जीभ तेवढी जड नाय झाली अजून," हरिश्चंद्र म्हणाला. दोघे म्हातारे हसायला लागले.

मग बाबांचं हसणं थांबलं.

ते पाचव्या पडद्याकडे बघत होते. दोरी तिथून पुढे माडांकडे जात होती आणि पडद्याच्या उजव्या कडेला संपत होती. ओढलेली दोरी टोकाला वाळूत पडायला हवी, तिचा ढीग व्हायला हवा. ढीग होत नव्हता. दोरी कडेपर्यंत ताठ होती. पलीकडे कोणीतरी ती घेत होतं.

पलीकडे सर्वेश बसला होता.

"सर्वेशा, थयसून उठ."

"काय?"

"टोकाक दोरी घेता कोण रे? उठ थयसून!"

सर्वेशला कळेपर्यंत बाबा खुर्चीतून उठले होते. मोडक्या बरगड्यांनिशी ते धावले, पडद्यांच्या समोरून, प्रत्येक पडद्याचा उजेड अंगावर घेत. पाचव्या पडद्यात दुसरे बाबा त्याच दिशेने चालत होते. शेवटच्या काही पावलांना दोघे बरोबरीला आले, एकाच तालात. प्लॅस्टरचा हात सर्वेशच्या तोंडावर बसला आणि तो लॅपटॉपसकट बाजूला फेकला गेला. पडद्यावरचे बाबा कडेबाहेर गेले. खरे बाबा भिंत आणि पडद्यामधल्या अंधारात शिरले.

आवाज इतका मोठा झाला की तेजस्वी दारात खाली बसली.

सर्वेश जमिनीवरून बघत होता. बाबांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. दोरीला हिसका बसला की ते वर जात, हिसका सुटला की भिंतीवर आदळत. वर जात, आदळत. डोकं आधी, मग खांदा, मग पुन्हा डोकं, आणि दर वेळी आवाज जास्त ओला होत गेला. त्यांच्या मानेभोवती बोटं होती. मुठी नव्हेत, नुसती बोटं, आणि बोटांच्या वर अंधारात काहीतरी वाकून सर्वेशकडे बघत होतं. तोंड कसं होतं, हे त्याने पुढे कधीच कोणाला सांगितलं नाही. एवढंच म्हणाला की ते रागावलेलं नव्हतं. ते कामात होतं.

हरिश्चंद्राने उरलेली सगळी टोपली त्या अंधारात उलटी केली. मासे पडल्याचा आवाज झालाच नाही. तेजस्वीने दाराजवळचा मेन स्विच खाली ओढला. अंधार झाला आणि बाबा जमिनीवर पडल्याचं ऐकू आलं. काळं कापड फाडून उजेड आत घेतला तेव्हा भिंतीवर पुरुषभर उंचीपर्यंत रक्त होतं आणि बाबांना ओळखायला पंचाच होता. तो त्यांच्या खांद्यावर होता. टोपलीतल्या माशांचं एक खवलंसुद्धा मिळालं नाही.

८

कागदावर लिहिलं गेलं की पडद्याची लोखंडी चौकट अंगावर पडून मृत्यू. चौकटी पाचही उभ्याच होत्या. पंचनामा करणारे गृहस्थ चौकटीकडे बघत लिहीत होते आणि कोणी त्यांना हटकलं नाही. तेजस्वीने पाचही चित्रं पुसून टाकली. त्याआधी पाचव्या पडद्याचं चित्र तिने एकटं लावून बघितलं. बाबा कडेबाहेर जातात, उजेड आहे, वाळू आहे, लोक हसताहेत. सगळं बरोबर.

सर्वेशने पडदे विकले. आता दोरीच्या कडेकडेने तो चालतो. शिव्या देत नाही, त्याबद्दल हरिश्चंद्र त्याला टोमणे मारतो. "बापाशीचो आवाज काय बँकेत ठेवलंस?" सर्वेश ऐकून घेतो. ओढ संपली की तो आधी टोकापर्यंत जातो, माडांच्या पलीकडे सावलीत जिथे कोणी उभं नाही तिथपर्यंत, आणि परत येऊन वाटे घालायला बसतो. जाळं रिकामं आलं तर घरचे तांदूळ घालतो. नवे लोक जादा वाट्यांकडे बोट दाखवून विचारतात, ह्ये वाटे कोणाचे? तो पुढचा वाटा घालतो, आणि संध्याकाळी ते वाटे तिथे नसतात.

तेव्हा तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. काम कोणतंही असो, शेवटी वाटे घालायची वेळ तुमच्यावर येईल. तेव्हा समोर उभी असलेली माणसं मोजून मोकळे होऊ नका. दोरी कुठे कुठे ताठ आहे ते बघा, आणि जिथे ताठ आहे तिथे कोणी दिसो न दिसो, हिशेब खरा ठेवा.